देवळातला पासवर्ड

घरबसल्या बँक सुरू करण्यासाठी मला पाच वेळा बँकेत जावं लागलं. ही तक्रार नाही. त्या वर्षीच्या वहीत नोंद आहे म्हणून लिहिते. पहिल्यांदा फॉर्म आणायला, दुसऱ्यांदा पुन्हा फॉर्म आणायला कारण पहिल्यांदा ते संपलेले होते, तिसऱ्यांदा भरून द्यायला, चौथ्यांदा सही जुळत नाही म्हणून बोलावलं तेव्हा, आणि पाचव्यांदा तीच सही त्यांच्यासमोर करून दाखवायला. पाचव्या खेपेला साहेबांनी युजर आयडी एका चिठ्ठीवर लिहून हातात दिला आणि म्हणाले, ‘‘पासवर्ड पोस्टाने येईल. नोंदलेल्या पत्त्यावर.’’

‘‘मी समोरच बसलेय. हातात द्या ना.’’

‘‘हातात दिला तर सुरक्षित राहत नाही, मॅडम.’’

वहीत मी ‘बँक – पूर्ण’ असं लिहून त्यावर बरोबरची खूण केली. ही माझी पहिली चूक.

मी तेव्हा महाडच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होते. मिस्टर एमआयडीसीत पाळीला जात. मुलगी बारावी होऊन वर्षभर घरी होती, कारण तिला ज्या संस्थेत शिकायचं होतं तिथल्या प्रवेश परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात, आदल्या वर्षी, ती टायफॉईडने आडवी झाली होती. परीक्षा दोनदाच देता येत असे, आणि बारावीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच. म्हणजे पहिली संधी तापात गेली आणि दुसरी हीच. तिने ते वर्ष चित्रं काढत, घरं मोजत, आमच्या चाळीचा नकाशा तीन वेळा बदलत काढलं. तिला इमारती बांधायला शिकायचं होतं. ती फारसं बोलून दाखवत नसे. फक्त कॅलेंडरवर फॉर्मच्या शेवटच्या शनिवारभोवती तिने पेन्सिलीने एक चौकोन काढून ठेवला होता, आणि रोज जेवताना तिची नजर तिकडे जाई.

फी भरायचे दोन मार्ग होते. डिमांड ड्राफ्ट पोस्टाने पाठवायचा, त्याची मुदत पंधरा दिवस आधी संपत होती. नाहीतर इंटरनेट बँकिंग, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. मी वहीत दोन रकाने आखले, फायदे-तोटे लिहिले आणि डीडीवर काट मारली. पोस्टात वस्तू गहाळ होतात, असं कारण मी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

आता पत्त्याचं सांगते. आमचं महाडचं घर बाजाराच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात सावित्री वर चढली की पहिल्यांदा आमच्या गल्लीला भेटून मग पुढे जाते. एका वर्षी रेशनकार्ड, सातबारा आणि माझं बी.एड.चं सर्टिफिकेट असा सगळा ऐवज ओला होऊन दोरीवर वाळत घालावा लागला. तेव्हापासून घरात नियम झाला: माणसं महाडात राहतील, कागद गावी राहतील. गाव पोलादपूरच्या वर, घाटाच्या वाटेला. तिथे पाणी चढायचं तर आधी अख्खा तालुका बुडावा लागेल. म्हणून बँकेत, शाळेत, विम्यात, सगळीकडे आमचा पत्ता गावचा. गावच्या घरी सासूबाई असत, आणि त्यांच्या पलंगाखाली पत्र्याची ट्रंक असे.

शुक्रवारी संध्याकाळी मी चुलतसासऱ्यांच्या घरी फोन केला. गावात फोन तेवढाच. सासूबाईंना बोलावून आणलं.

‘‘आई, बँकेचं पाकीट आलं का?’’

‘‘मंगळवारीच आलाय की. जागच्या जागी हाय.’’

जागच्या जागी म्हणजे ट्रंकेत, असं मी धरून चालले. ही दुसरी चूक. वहीत शनिवारचं वेळापत्रक लिहिलं: सातची एसटी, पोलादपूरहून सहा आसनी रिक्षा, नऊला गाव, अकराला परत, दुपारी सायबर कॅफे, तीनपर्यंत काम खलास. दोन तास हाताशी राखून ठेवले होते. मी नेहमीच दोन तास राखून ठेवते.

नऊला पोचले तेव्हा सासूबाई अंगणात नाचणी वाळत घालत होत्या. ट्रंक उघडली. सातबारा होता, विमा होता, माझं सुरकुतलेलं बी.एड. होतं. पाकीट नव्हतं.

‘‘आई, पाकीट?’’

‘‘देवलात.’’

‘‘देवळात कशाला?’’

‘‘त्याच्यावर लिवलंवतं तसंच केलं गो मी. माज्या मनानं नाय केलं.’’

मग उलगडा झाला. आमच्या गावचे पोस्टमन घरोघर फिरत नसत. देवळाच्या सभामंडपात बसत, लोक तिथे येत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांची पत्रं ते मोठ्याने वाचून दाखवत. वीस वर्षांची पद्धत होती. सासूबाईंनी अंगठा उठवून पाकीट घेतलं आणि तिथेच पोस्टमनच्या हातात परत दिलं. त्यांनी फाडून वाचलं. कागदावर मराठीत तीन सूचना होत्या. हा कागद अत्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवावा. याची प्रत काढू नये. यातील मजकूर कोणालाही सांगू नये. या तिन्ही सूचना त्यांनी पंचवीसएक माणसांना खणखणीत आवाजात सांगितल्या, आणि त्यानंतर पासवर्डही सांगितला.

‘‘मंग अत्यंत सुरक्षित जागा म्हंजे कुटली?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘घराला माजं कुलूप बी धड नाय. नातीचं काम हाय म्हनून गाऱ्हानं घातलं न् देवापुढं ठेवला.’’

ही पद्धत मला ठाऊक होती. कोर्टाची तारीख, मुंबईच्या नोकरीचं बोलावणं, बदलीचा अर्ज, असा महत्त्वाचा कागद आला की देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि कागद देवाच्या पायाशी ठेवायचा. काम झालं की नारळ फोडून उचलायचा. काम होईपर्यंत हात लावायचा नाही.

‘‘अहो आई, पण तो कागद मिळाल्याशिवाय कामच होणार नाही.’’

‘‘आनी काम झाल्याबिगार कागद उचलत नायत,’’ सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा अगदी बँकेतल्या साहेबांसारखा शांत होता.

मी देवळात गेले. गावकीचे मुख्य म्हणजे आमचे चुलतसासरे. ते खांबाला टेकून तंबाखू मळत होते. पोस्टमनही होते. शनिवारी टपाल लवकर येई.

‘‘अहो, तो पासवर्ड होता,’’ मी पोस्टमनना म्हणाले. ‘‘गुप्त असतो तो.’’

‘‘वहिनी, पत्र वाचून दाखवणं माझं काम. गुप्त आहे हेसुद्धा मीच वाचून दाखवलं, नाहीतर कळलं असतं का कोणाला?’’

‘‘मग निदान आठवतो का तो?’’

‘‘काहीतरी अर्थाचा शब्द असता तर आठवला असता. हे म्हणजे गाडीच्या नंबरासारखं.’’

चुलतसासऱ्यांनी तंबाखूवर थाप मारली. ‘‘गुपित-गुपित काय करताव, सूनबाय? आख्ख्या गावात एक काम्पुटर नाय. पंचवीस जनांनी आयकला तर काय कुनी चावून खानार हाय? तुमी सांगा, झेराक्स का काडली नाय? कोर्टाचा कागद बी आमी झेराक्स काडून मंगच ठेवतो.’’

‘‘त्यावर लिहिलं होतं, प्रत काढू नये.’’

‘‘मंग बरोबर हाय,’’ ते म्हणाले, आणि प्रश्न त्यांच्यापुरता संपला.

गाभाऱ्यात जायचा मान फक्त गुरवाचा. दारातून आत पाहिलं तर समईच्या उजेडात तो कागद मला दिसत होता. देवाच्या पायाशी, कडेवर नारळ ठेवलेला, त्याखालून डोकावणारं बँकेचं निळं चिन्ह. माझ्यापासून सात फूट. सात फूट आणि एक उंबरठा.

‘‘कौल लावू,’’ चुलतसासरे म्हणाले. ‘‘देवच सांगंल.’’

कौल म्हणजे देवाच्या दोन्ही अंगांना भिजवलेल्या फुलाच्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण कौल लावायचा तर गुरव हवा, आणि गुरव दळण घेऊन पोलादपूरला गेला होता. मी घड्याळ पाहत देवळाच्या पायऱ्यांवर बसले. राखून ठेवलेल्या दोन तासांतला पहिला तास तिथेच गेला. दुसरा तासही तिथेच गेला. साडेबाराला तो डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आला, आंघोळ करून गाभाऱ्यात शिरला, कळ्या लावल्या आणि खड्या आवाजात म्हणाला, ‘‘बा देवा म्हाराजा, लेकराच्या कामासाठी ह्यो कागद उचलून देऊ काय?’’

डावी कळी टप्पकन पडली.

‘‘नाय म्हनतो,’’ गुरव म्हणाला.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं ते, बघ, मी सांगत नव्हते का, अशा नजरेने.

‘‘पुन्हा लावा.’’

‘‘येकाच गोष्टीला दुसरा कौल नसतो, सूनबाय. देव काय बहिरा हाय?’’

मी वही उघडली. वर्गात मुलांचं उत्तर चुकतं तेव्हा नव्वद टक्के वेळा प्रश्न नीट वाचलेला नसतो. इथे प्रश्नच नीट मांडलेला नव्हता. मला कागद नको होता, कागदावरची अक्षरं हवी होती. मी लिहिलं: ‘कागद जिथे आहे तिथेच ठेवून, न हलवता, नुसता वाचला तर चालेल का?’ गुरवाला वाचून दाखवलं.

चुलतसासऱ्यांनी थोडा वेळ विचार केला. ‘‘ही गोष्ट येगळी हाय,’’ त्यांनी निकाल दिला.

कळ्या लागल्या. गुरवाने माझं वाक्य शब्दन् शब्द म्हटलं. बराच वेळ काही झालं नाही. कोणीतरी खोकलं. मग उजवी पडली, आणि मंडपात असा आवाज झाला की जणू आमच्या गावाने कबड्डी जिंकली.

गावात मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी येई, देवळाच्या बाहेरच्या चौथ्या पायरीवर. तिथून मी मुलीला सांगितलं, ‘‘बँकेची युजर आयडीची चिठ्ठी घेऊन आत्ताच्या आत्ता कॅफेत जाऊन बस. उठू नकोस.’’

‘‘मिळाला?’’

‘‘दिसतोय,’’ मी म्हणाले. याहून जास्त मला खरं सांगता येत नव्हतं.

आता अडचण पुढची. आत जाणार फक्त गुरव, आणि गुरवाला इंग्रजी येत नव्हतं. आकडे तेवढे एसटीच्या पाट्यांमुळे येत. तेव्हा असं ठरलं की त्याने समई उचलून कागदाजवळ बसायचं, जे दिसेल ते सांगायचं, आणि मी उंबरठ्याबाहेर वहीत त्याचं चित्र काढायचं.

‘‘पयला सहा,’’ गुरव म्हणाला. ‘‘मंग फुली. मंग वाटी. मंग आठ. मंग मासे धरायचा गळ, टोक खाली केलेला. मंग खुर्ची.’’

‘‘खुर्ची कशी?’’

‘‘खुर्चीवानी खुर्ची वयनी, पन उपडी पडलीय. पाय वर. मंग नऊ. न् शेवटाला दोन डोंगर, येकाला येक चिकटून.’’

मी भराभर अक्षरं बसवली. फुलीचा एक्स, वाटीचा यू, डोंगरांचा एम. गळाचा आर केला. उपड्या खुर्चीने मला जरा अडवलं, पण शेवटी तिचा वाय केला. पायरीवर धावले, मुलीला सांगितलं.

‘‘आई, चूक म्हणतंय. तीनदाच देतात. दोन राहिले.’’

परत उंबरठ्यावर. गळ पुन्हा नीट बघून घेतला. मंडपातल्या प्रत्येकाला मंगळवारचं काही ना काही आठवत होतं. एकाला सहा नक्की आठवत होता, एकाला सहा नव्हताच असं नक्की आठवत होतं. मी आरचा एफ केला. पायरीवर धावले.

‘‘चूक. आई, एकच राहिला आता.’’ ती रडत नव्हती. तिचा आवाज फक्त बारीक झाला होता. ‘‘तो चुकला तर खातं बंद होतं आणि नवीन पोस्टाने येतो, असं लिहिलंय इथे.’’

पावणेचार झाले होते. मी उंबरठ्यापाशी बसले आणि वहीतल्या त्या आठ चित्रांकडे बघत राहिले. आयुष्यात मी बऱ्याच याद्या केल्या आहेत, पण सहा, फुली, वाटी, आठ, गळ, उपडी खुर्ची, नऊ, दोन डोंगर अशी यादी ना आधी केली, ना नंतर. आणि तिच्यावर माझ्या मुलीचं पुढचं सगळं टेकलेलं होतं. खुर्ची मला सुचू देत नव्हती. बँक पाडलेली खुर्ची कशाला छापेल?

‘‘अहो, ती खुर्ची खरंच पडलेली आहे का?’’ मी गुरवाला विचारलं.

‘‘मला तर पडलेलीच दिसतीय.’’

‘‘तुला दिसंलच,’’ मागून सासूबाई म्हणाल्या. ‘‘कागद तुला वाचायला ठेवलाय काय? देवानं वाचायचा हाय. त्याच्याकडं तोंड करून ठेवलाय.’’

मंडपात कोणालाच यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. देवापुढचा कागद देवाकडे तोंड करूनच असतो. पत्रिका ठेवली तरी तशीच ठेवतात. गुरव देवासमोर बसून वाचत होता, म्हणजे दुपारपासून आम्ही सगळे मिळून तो कागद उलटा वाचत होतो.

मी वही फिरवली. दोन डोंगरांच्या दोन दऱ्या झाल्या आणि त्या शेवटून पहिल्या आल्या. नवाचा सहा झाला. खुर्ची उठून उभी राहिली, तिचा एच झाला. गळाचा जे झाला, आठ आठच राहिला, वाटीची कमान झाली, फुलीला फरक पडला नाही, आणि सहाचा नऊ झाला. गणिताच्या बाईला हे दोन तास आधी दिसायला हवं होतं, असं मी त्या पानावर नंतर लिहून ठेवलं आहे.

चौथ्या पायरीवर उभं राहून मी मुलीला एकेक अक्षर सांगितलं. मोठं का लहान तेही सांगितलं. माझ्या मागे पायऱ्यांवर सगळं गाव उभं होतं, आणि मी म्हणेन ते अक्षर पुटपुटत होतं. मग फोनमध्ये काहीच ऐकू येईना.

‘‘आई.’’

‘‘काय झालं?’’

‘‘उघडलं.’’

मी मागे वळून मान हलवली. पोस्टमननी सायकलची घंटा वाजवली.

‘‘पण आई, ते म्हणतंय हा पासवर्ड बदला. नवीन टाकल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही.’’

‘‘काय म्हनते पोर?’’ चुलतसासऱ्यांनी विचारलं.

‘‘नवीन शब्द ठेवायला सांगतायत.’’

‘‘म्हंजे ह्यो रद्द? देवाजवळचा?’’

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. नवा शब्द काय ठेवावा यावर चर्चा होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. कदाचित कौलही लागला असता. मी फोनवर हात धरून म्हणाले, ‘‘तुझं तू ठरव. आणि मला सांगू नकोस.’’

चुलतसासरे तंबाखूची पुडी खिशात घालत म्हणाले, ‘‘आमी सकाळधरनं हितं बसलो, उपाशी. न् आता आमालाच सांगायचा नाय. बरं. मोठी मानसं तुमी.’’

‘‘मला तरी कुठे सांगतेय ती?’’ मी म्हणाले. त्याने त्यांचं थोडं समाधान झालं.

चार वाजून वीस मिनिटांनी मुलीचा फोन आला. फी गेली, फॉर्म गेला, पावती आली. ती एवढंच बोलली आणि मग बराच वेळ नुसती फोन धरून राहिली. मीही धरून राहिले. मिनिटाला पैसे पडत होते, पण त्या दिवशी हिशोब लिहिलेला नाही.

मी आत जाऊन सांगितलं, ‘‘झालं काम. आता नारळ फोडा, कागद द्या.’’

‘‘पावती?’’ चुलतसासरे म्हणाले.

‘‘पावती कॉम्प्युटरवर आहे, महाडला.’’

‘‘म्हंजे पावती नाय.’’

‘‘काका, आहे. पडद्यावर दिसते.’’

‘‘सूनबाय, देवाला काय दावू मी? पडदा?’’

त्यात गुरवालाही तथ्य वाटलं. सासूबाईंना तर वाटणारच होतं. शेवटच्या एसटीने मी रिकाम्या हाताने महाडला आले. मुलगी दारातच उभी होती. तिने कॅलेंडरवरचा चौकोन आतून पूर्ण रंगवून टाकला होता.

रविवारी सकाळी पावती छापून आम्ही दोघी गावी गेलो. चुलतसासऱ्यांनी चष्मा लावून ती वरून खालपर्यंत पाहिली. इंग्रजीत होती, पण शिक्क्यासारखं काहीतरी खाली छापलेलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. नारळ फुटला. गुरवाने कागद उचलून माझ्या ओंजळीत ठेवला. त्यावरची आठ अक्षरं आता जगात कुठेही चालणार नव्हती. मी तो कपाळाला लावला आणि ट्रंकेत ठेवायला दिला.

‘‘न् आता ही?’’ सासूबाईंनी पावतीकडे बोट दाखवलं. ‘‘परीक्षा व्हायची हाय. निकाल लागायचा हाय. ठेवूया की.’’

मी मुलीकडे पाहिलं. तिने पिशवीतून एक कागद काढून दाखवला, मग दुसरा. दोन झेरॉक्स. माझीच मुलगी.

पावती मी स्वतः उंबरठ्यावरून गुरवाच्या हातात दिली. मुलीने पुढे वाकून सांगितलं, ‘‘काका, ही बाजू वर.’’

‘‘म्हाईत हाय मला, पोरी,’’ गुरव म्हणाला, आणि त्याने ती फिरवून देवाकडे तोंड करून ठेवली.